माशी, खाच आणि ६० मिलिमीटरचा काळा चौकोन: एका निवृत्त सुभेदारांच्या नेमाचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती. "डॉक्टर, लांबचं दिसतंय, पेपर वाचता येतोय, खरं बंदुकीची माशी दिसंना झालीय." माशी म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरचा छोटा उंचवटा; डोळ्याजवळच्या खाचेतून तो बघून नेम धरतात.

मी डॉक्टर नाही. डोळे तपासून चष्मे देणं हा माझा धंदा. पण बेळगावात चष्म्याच्या दुकानात पांढरा कोट घातलेला माणूस दिसला की तो डॉक्टरच, आणि सुभेदारसाहेबांशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. वय ६७. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. खानापूर तालुक्यात गाव, थोडी भातशेती, घरामागे पत्र्याची लांबट शेड. त्या शेडीत टेपनं १० मीटर मोजून त्यांनी छर्‍याच्या बंदुकीची चांदमारी मांडली होती. मागं वाळूची पोती, त्यापुढं जाड पत्र्याची छर्रापेटी, सगळं शिस्तीत. डिसेंबरात माजी सैनिकांची ओपन साइट (उघड्या खाचेच्या) एअर रायफलची एक स्थानिक स्पर्धा होती आणि साहेबांना तिथं नाव खराब करायचं नव्हतं.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की पन्नाशी ओलांडलेले नेमबाज माझ्याकडे येतात ते हाच प्रश्न घेऊन: कुठलं टार्गेट नीट दिसेल? माझं म्हणणं, प्रश्नच जरा बाजूला सरकलाय. टार्गेट दिसणं ही फार मोठी गोष्ट नाही. १० मीटरवरचा काळा ठिपका मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या माणसालाही दिसतो. ज्या टार्गेटापुढं माशी दिसते, ते टार्गेट चांगलं.

येण्याआधी काय काय झालं होतं

साहेबांनी स्वतःच्या परीनं बरेच उपाय केले होते. पहिला, नवा चष्मा. दोन काचांचा, खाली वाचायचा नंबर +२.५०. बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवला की मान पुढं झुकते आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपर्‍यातून जाते. ते मग माशी स्पष्ट व्हावी म्हणून हनुवटी उचलून खालच्या काचेतून बघायला जायचे. मान आखडायची, आणि टार्गेट तर पार नाहीसं व्हायचं.

दुसरा उपाय मोठ्या टार्गेटाचा. स्टीलची जुनी ताटली काळी रंगवून पुठ्ठ्यावर टांगली. दिसायला झकास. पण छर्रे ताटलीभर कुठंही.

तिसरा उपाय नातवाचा. हुबळीला इंजिनिअरिंगला असलेल्या नातवानं ऑनलाइन चमकणारी टार्गेटं मागवली. वर काळा लेप, खाली भडक पोपटी रंग. छर्रा लागला की तिथला काळा थर उडतो आणि पोपटी कडं उमटतं. "आज्जा, आता लागलेलं बसल्या जागेवरून दिसतंय की!" नातू म्हणाला, आणि ते खरंच होतं. कुठं लागलं ते साहेबांना आता स्पष्ट दिसत होतं. आणि स्पष्ट दिसत होतं ते हे की नेम पूर्वीपेक्षा वाईट झालाय. पूर्ण कागद काळा, त्यावर काळी माशी. माशीची वरची कड कुठं संपते ते तरुण डोळ्यालाही कळलं नसतं.

इथं एक गोष्ट वेगळी काढावी लागते, कारण जाहिरातीत ती नेहमी एकत्र केलेली असते. नेम धरायला लागणारी खूण आणि लागलेला छर्रा दिसायची सोय, ही दोन कामं आहेत. चमकणारी टार्गेटं दुसर्‍या कामासाठी बनवलेली. पहिल्या कामात त्यांची मदत नाही, कधी कधी अडथळाच. पुढं या कागदांचा आम्ही उपयोग केला, तो वेगळ्या रीतीनं.

साहेबांच्या मनात आणखी एक सल होता. "सर्व्हिसमध्ये तीनशे मीटरवर मी कधी चुकलो नाही." त्यात वयाचा भाग होताच, पण हत्याराचाही होता. ते सुरुवातीला एसएलआर आणि शेवटी इन्सास या लष्करी रायफलींवर शिकले-शिकवले. दोन्हींच्या बॅकसाइटला, म्हणजे डोळ्याजवळच्या नेमखुणेला, खाचेऐवजी भोक असतं. बारीक भोकातून बघितलं की धूसरपणा आपोआप कमी होतो. त्यांच्या छर्‍याच्या बंदुकीला मात्र उघडी खाच आहे, आणि उघडी खाच म्हातार्‍या डोळ्याला कसलीच सवलत देत नाही.

मोजमाप

बंदूक दुकानात आणू नका, असं मी आधीच सांगितलं होतं. भर बाजारातलं दुकान, समोर बस थांबा, नसता तमाशा. रविवारी त्यांच्या गावी गेलो. जाताना ट्रायल फ्रेम (भिंगं बदलून बघायची चौकट), भिंगांची पेटी, टेप आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर घेतला.

साहेब नेहमीसारखे दस्त्याला गाल लावून बसले. डोळ्यापासून माशीपर्यंत ८० सेंटिमीटर. माशी सपाट डोक्याची, २ मिलिमीटर रुंद. डोळ्यापासून खाच साधारण ३५ सेंटिमीटर, खाचेपासून माशी ४५. या चार आकड्यांवर पुढचं सगळं उभं आहे, त्यामुळं जरा दमानं घेऊ.

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लहानपणी लवचिक असतं. दहाव्या वर्षी ते १२ ते १४ नंबरांइतकं जवळ सरकू शकतं, चाळिशीत चार-पाच, साठीत जेमतेम एक. ८० सेंटिमीटरवरची वस्तू स्वच्छ दिसायला १.२५ नंबर लागतो (१ भागिले ०.८०). विशीतला जवान हे नकळत करतो, वर माशी आणि टार्गेट यांच्यात नजर क्षणात पुढंमागं नेतो. ६७ व्या वर्षी ते भिंग जिथल्या तिथं बसलेलं असतं.

धूसरपणा किती, हे बोटावर काढता येतं. बाहुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला नंबरातल्या फरकानं गुणा. जे येईल तितके मिलिमीटर, दर मीटर अंतराला, कड पसरते. साहेबांची बाहुली शेडीतल्या उजेडात ३ मिलिमीटरच्या आसपास होती. लांबच्या काचेतून बघताना टार्गेट स्वच्छ, पण माशीवर ३ गुणिले १.२५, म्हणजे ३.७५, ते ८० सेंटिमीटरवर ३ मिलिमीटर. माशीच मुळी २ मिलिमीटरची. ३ मिलिमीटर पसरलेल्या धुक्यात तिचा काळा गाभा शिल्लकच राहत नाही. उरतो तो राखाडी डाग. "दिसंना झालीय" हे त्यांचं वाक्य अगदी नेमकं होतं.

खालच्या, +२.५० च्या काचेतून काय होतं? ती काच ४० सेंटिमीटरवर स्वच्छ दाखवते. माशी ८० वर. फरक पुन्हा १.२५, फक्त उलट्या बाजूनं. म्हणजे माशी तितकीच धूसर, आणि टार्गेटावर ३ गुणिले २.४ (२.५० मधून १० मीटरला लागणारा ०.१ वजा), म्हणजे १० मीटरवर ७२ मिलिमीटरचं धुकं. वाचायच्या चष्म्यानं नेम धरू नये ते यासाठी. हे समजावलं तेव्हा साहेब नातवाकडं बघून म्हणाले, "म्हणजे मान मोडून घेतली ती फुकटच की."

मार्ग मधला. माशी आणि टार्गेट यांच्या मध्यावर, म्हणजे माशीच्या नंबराच्या निम्म्यावर, नजर बांधून ठेवायची. १.२५ चं निम्मं ०.६२. भिंगं पाव-पाव नंबराच्या टप्प्यानं असतात, म्हणून +०.५० आणि +०.७५ अशी दोन्ही, त्यांच्या लांबच्या नंबरात मिळवून, ट्रायल फ्रेममध्ये घालून बघितली. साहेबांनी +०.७५ निवडलं. माशीवरचं धुकं ३ वरून १.२ मिलिमीटरवर आलं, टार्गेटावर ते सुमारे २० मिलिमीटर झालं. टार्गेट जरा मऊ, माशी काळी आणि चौकोनी. माझ्या मते निवड बरोबर, कारण माशी हलली की छर्रा हलतो.

डोळ्यांची तपासणीही केली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती, म्हणून पांढर्‍या ट्यूबलाइटखाली पांढरा कागद त्यांना डोळ्यात खुपायचा. चौकटीचा कागद दाखवून रेषा वाकड्या दिसतात का ते विचारलं. सरळ दिसत होत्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागी काही गडबड असल्याचं लक्षण नव्हतं. साखर आहे. आणि रक्तातली साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही हलतो. काही दिवस नेम बरा, काही दिवस बिघडलेला, याचा थोडा उलगडा तिथं झाला. मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या सर्जनकडं पाठवलं. स्पर्धेच्या आधी ऑपरेशन नको, असं दोघांनी मिळून ठरवलं.

टार्गेटाची निवड

आता मुख्य मुद्दा. २ मिलिमीटरची माशी ८० सेंटिमीटरवरून १० मीटरवरच्या टार्गेटाचा २५ मिलिमीटर भाग झाकते. (२ ला ०.८ नं भागा, १० नं गुणा.) हा आकडा माहीत नसताना टार्गेट विकत घेणं म्हणजे माप न देता चप्पल मागवणं.

१० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय कार्डाचा काळा भाग ३०.५ मिलिमीटर असतो आणि दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. ते कार्ड भोकाच्या साइटसाठी आहे. तिथं पुढच्या साइटमध्ये कडं असतं आणि काळा भाग त्या कड्यात बसतो. उघड्या साइटवर तेच कार्ड लावलं तर २५ मिलिमीटर माशीच्या डोक्यावर ३०.५ मिलिमीटरचा गोळा. दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेतीन मिलिमीटर उरतात, आणि धुकं आहे २० चं. डावीकडं जास्त उरलंय की उजवीकडं, हे सांगायला डोळ्याजवळ काही आधारच नाही.

ताटलीचा घोळ याच्या उलट. ती साधारण १२० मिलिमीटरची. माशीच्या दोन्ही बाजूंना ४७-४८ मिलिमीटर काळं. ४५ आणि ५० यांतला फरक डोळा पटकन पकडत नाही. १५ आणि २० यांतला पकडतो. म्हणून "म्हातारपणी मोठं टार्गेट घ्या" हा सल्ला अर्धाच खरा. एका मर्यादेपलीकडं मोठं टार्गेट आडव्या दिशेचा नेम ढिला करतं.

या दोन टोकांच्या मध्ये, माशीच्या झाकणीच्या साधारण सव्वादोन ते अडीच पट, हे माप मला पटतं. साहेबांच्या बाबतीत ते ६० मिलिमीटरच्या घरात आलं. योगायोग असा की एअर पिस्तुलाच्या १० मीटर कार्डाचा काळा भाग ५९.५ मिलिमीटर असतो. पिस्तुलालाही उघडीच साइट, त्यामुळं फार नवल करण्यासारखं नाही. स्पर्धेच्या संयोजकांना फोन करून विचारलं. तेही पिस्तुलाचंच कार्ड लावणार होते. निम्मं काम तिथंच झालं.

आकाराचा प्रश्न उरला. सरावासाठी गोल, चौकोन, टोकावर उभा केलेला चौकोन आणि गावातल्या एका जुन्या नेमबाजाच्या आग्रहाखातर जाड काळं कडं, असे चार प्रकार पुठ्ठ्यावर केले. बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवली, म्हणजे हाताची थरथर हिशेबात येऊ नये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरलं.

आधी जुन्या चष्म्यानं चारही टार्गेटं मारून घेतली. फरक शून्य. माशीच दिसत नसेल तर टार्गेट गोल काय, चौकोनी काय. नवं भिंग घातल्यावर मात्र टार्गेटांचे स्वभाव वेगळे दिसू लागले. थोडक्यात, टार्गेट बदलण्यात पैसे घालण्याआधी चष्मा. क्रम उलटा केला तर दोन्ही खर्च वाया.

टोकावर उभा चौकोन कागदावर फार देखणा दिसतो: टोकाखाली माशी टेकवायची, किती सोपं! प्रत्यक्षात धुकं आधी टोकच खातं. टोक जिथं आहे असं वाटतं ते खर्‍या टोकाच्या वर असतं, आणि किती वर हे उजेडावर ठरतं. ढग आला की छर्रे उभ्या रेषेत पसरले. कड्याचं तेच, बारीक गोष्ट धुक्यात विरघळते, म्हणून बारीक वर्तुळं, क्रॉस, पातळ रेषा असलेली टार्गेटं या वयात बाद समजावीत.

गोल आणि चौकोन दोन्ही चालले. चौकोन थोडा अधिक. त्याची खालची कड सपाट, माशीचं डोकं सपाट. दोन सपाट कडा एकमेकींना समांतर ठेवायच्या. इथं डोळ्याची एक खुबी कामाला येते. दोन कडा एका रेषेत आहेत की नाहीत, हे डोळा अक्षरं वाचण्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी पट बारकाईनं ओळखतो. व्हर्निअरवरच्या रेघा जुळवतो ती हीच ताकद. वयानं आणि धुक्यानं ती अक्षरं वाचण्याच्या ताकदीइतकी झिजत नाही. कड सारखी पसरलेली असेल तर तिचा मध्य डोळा अजूनही शोधतो. चौकोनाचा तोटा एकच: कार्ड तिरकं टांगलं गेलं तर नेमबाज नकळत बंदूकही तिरकी करतो. म्हणून ओळंबा लावून कार्ड टांगायचं.

साहेबांना चौकोन मनापासून पटला नाही. "चौकोनावर मारायचं म्हणजे दारावर मारल्यासारखं वाटतंय, डॉक्टर." सरावाला चौकोन, स्पर्धेआधीच्या आठवड्यात गोल, अशी तडजोड झाली.

कागदाचा रंग. झगझगीत पांढर्‍या आर्ट पेपरवर उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू प्रकाश पसरवायचा आणि काळ्याची कड फिकट व्हायची. बदामी रंगाचा, चमक नसलेला पुठ्ठा घेतल्यावर डोळा शांत झाला. नारिंगी, पोपटी, लाल यांच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, रंगांतला फरक बोथट होतो. टिकतो तो उजेड-अंधाराचा फरक. चमकदार रंग चमकतात ते दिवसाच्या उजेडातल्या निळ्या-जांभळ्या किरणांवर. शेडीत एलईडीखाली ते बरेच मलूल दिसतात. आणि लाल तर संध्याकाळी काळाच होतो.

नेम कुठं धरायचा, यावरही बोलणं झालं. सैन्यातली शिस्त म्हणजे माशीचं टोक काळ्याच्या तळाशी बरोबर टेकवायचं. धुक्यात काळं काळ्याला लागलं की दोन्ही एकजीव होतात, कधी माशी आत घुसते तर कधी खाली राहते. म्हणून मध्ये बदामी पट्टी सोडायची, आणि तीही ठसठशीत: १५ मिलिमीटर, म्हणजे माशी टार्गेटावर झाकते त्या रुंदीच्या निम्म्याहून थोडी अधिक. ती पट्टी हाच मग नेमाचा कणा होतो. मात्र छर्रा चौकोनाच्या मध्यावर लागायचा तर तो माशीच्या डोक्यापेक्षा ४५ मिलिमीटर वर जायला हवा. खाचेपासून माशी ४५ सेंटिमीटर, त्यामुळं हिशेबानं खाच २ मिलिमीटर उचलावी लागली. स्क्रू फिरवून जमलं.

आणि ती चमकणारी टार्गेटं? नातवाला तीच कात्रीनं ६० मिलिमीटरच्या चौकोनांत कापायला लावली आणि बदामी पुठ्ठ्यावर चिकटवली. आता काळा चौकोन नेमासाठी, आणि छर्रा लागला की त्यातच पोपटी कडं. खालची कड शाबूत राहते तोवर नेमाला धक्का नाही. पाच छर्‍यांनंतर चौकोन बदलायचा, कारण पोपटी ठिपके वाढले की नजर तिकडं ओढली जाते. पैसे वाया गेले नाहीत याचा नातवाला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

उजेड आणि खाच

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. त्यात खानापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर शेडीत भर दुपारी दिवे लावावे लागतात. साहेबांनी टार्गेटावर एक जोरदार दिवा लावला होता आणि स्वतः अंधारात बसायचे. सिनेमाच्या थेटरात बसल्यागत. अंधारात बाहुली मोठी होते, आणि वरच्या हिशेबात बाहुली मोठी म्हणजे धुकं मोठं. आंतरराष्ट्रीय नियमात १० मीटरच्या रेंजवर टार्गेटावर किमान १५०० लक्स आणि रेंजमध्ये सर्वत्र किमान ३०० लक्स उजेड मागितलाय. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात. नेमबाजाच्या डोक्यावर, जरा मागं, एक साधी ट्यूब लावली. तिचा उजेड माशीवर चकाकू नये म्हणून साहेबांनी आपण होऊन चिमणी पेटवली आणि माशीवर काजळी धरली. हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

डाव्या डोळ्यावर पूर्वी ते काळी पट्टी बांधायचे. एक डोळा अंधारात गेला की दुसर्‍याची बाहुलीही मोठी होते, कारण दोन्ही बाहुल्या जोडीनं चालतात. त्याऐवजी चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी रंगाची चिकटपट्टी लावली: उजेड येतो, चित्र येत नाही.

बारीक भोकाचाही प्रयोग झाला. काळ्या चिकटपट्टीला १.२ मिलिमीटरचं भोक पाडून उजव्या काचेवर लावलं. उन्हात माशी, टार्गेट, सगळं कोरल्यासारखं. शेडीत मात्र सहाव्या हिश्श्याइतकाच उजेड उरला आणि साहेबांनी पट्टी काढून टाकली. शिवाय ओपन साइटच्या स्पर्धेत चष्म्यावर असं भोक चालतं की नाही हे संयोजकांना आधी विचारावं लागतं. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

खाच राहिली. ३५ सेंटिमीटरवरची खाच या भिंगातून स्वच्छ दिसणारच नाही, तिचा नाद सोडायचा. पण माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या फटी दिसायला हव्यात, आणि मूळ खाच इतकी अरुंद होती की धुक्यात फटी बुजायच्या. उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून साहेबांनी ती रुंद करून घेतली. त्यानं एकदम घासली नाही. थोडी घासायची, परत देऊन म्हणायचं, जाऊन मारून या. दोन्ही फटी मिळून माशीच्या रुंदीइतक्या दिसायला लागल्या तिथं थांबले.

पुढं काय झालं

पोत्यावरून मारलेले पाच छर्रे, जे आधी तळहाताएवढ्या जागेत पसरायचे, ते आता बहुतेक वेळा दहा रुपयांच्या नाण्याखाली (२७ मिलिमीटर) झाकले जायला लागले. उभ्यानं मारताना अर्थातच जास्त पसरतात. ते ६७ वर्षांच्या कमरेचं काम, माझ्या भिंगाचं नाही. स्पर्धेत साहेब पहिल्या तिघांत आले नाहीत, पण त्यांच्या वयाच्या गटात मधल्या फळीच्या बरेच वर राहिले. घरी आल्यावर गुण सांगायच्या आधी त्यांनी मला सांगितलं की शेवटच्या मालिकेपर्यंत माशी काळी होती.

दोन गोष्टी उरल्यात. संध्याकाळी छर्रे अजून एका बाजूला सरकतात. शेडीच्या पश्चिमेला पत्र्यात फट आहे, तिथून ऊन माशीच्या एकाच अंगावर येतं आणि काजळी असूनही ती बाजू उजळते, असा संशय आहे. तिथं गोणपाट टांगून बघणार आहेत.

दुसरी गोष्ट मोतीबिंदूची. ऑपरेशन आता फेब्रुवारीत ठरलंय. साधं एका अंतराचं भिंग बसवलं तर ते बहुधा लांबच्या नजरेसाठी असेल. कडा ठळक होतील, पण डोळ्याची जवळ सरकायची उरलीसुरली ताकदही संपेल. बंदुकीचा छंद आहे हे सर्जनना आधी सांगा, असं मी साहेबांना बजावलंय. डोळा बसला की +०.७५ चं भिंग बाद समजून पुन्हा टेप घेऊन शेडीत जायचं. बदामी पुठ्ठ्याचे चौकोन नातवानं कापून ठेवलेत, ते बहुधा तसेच चालतील. माशीची रुंदी आणि डोळ्यापासूनचं अंतर ऑपरेशननं बदलत नाही.